जेवलात का?

"आता हे घर तुमचं, फांग बाई," दू सर म्हणाले आणि त्यांनी किल्ली सूछिनच्या हातावर टेकवली. "निदान दुपारी चारपर्यंत तरी. पाहुण्यांनी संडास कुठे आहे विचारलं, तर शोधत हिंडू नका म्हणजे मिळवली."

मागे उभ्या असलेल्या शिक्षिका हसल्या. मुख्याध्यापकांनी विनोद केला की हसायचं, हे त्या शाळेत नव्या बाईलाही पहिल्या आठवड्यातच कळे. सूछिन तर तिथे तीस वर्षं भाषा शिकवत होती. तीही हसली आणि किल्ली घट्ट धरून दिवाणखान्याकडे पाहत राहिली.

फ्लॅट दू सरांच्या मेव्हण्याचा होता. हेफेई शहराच्या दक्षिण टोकाला, जिथे परवापरवापर्यंत शेतं होती, तिथे उभ्या राहिलेल्या वीस इमारतींपैकी एकीत, बाराव्या मजल्यावर. घरं सगळी विकली गेली होती, पण राहायला अजून कुणी आलं नव्हतं. भाव वाढतील म्हणून लोकांनी घेऊन ठेवली होती, एवढंच. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता, सोफ्यावरचं प्लास्टिक सकाळीच काढलेलं होतं आणि सोफ्याच्या कोपऱ्यात आठ वर्षांच्या पोराएवढा एक कापडी पांडा बसवला होता. पाहुण्यांना पांडे आवडतात, असं दू सरांचं मत होतं. नळ अजून जोडलेले नव्हते. म्हणून मोरीत पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली होती.

पाहुणे म्हणजे कॅनडाचे सहा शिक्षक. सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आले होते. मुलांचं समूहगान झालं, सुलेखन झालं, काल त्यांनी कागदाचे कंदीलही कातरले. आजच्या कार्यक्रमात 'एका सामान्य शिक्षकाच्या घरी भोजन' होतं. सामान्य शिक्षक म्हणून सूछिनची निवड झाली खरी, पण तिचं घर मात्र काही निवडीत बसलं नाही. शाळेमागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, ओल आलेली भिंत आणि गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांचा मिळून एक संडास. तिथे परदेशी माणसं नेणं म्हणजे दू सरांच्या दृष्टीने देशाची अब्रू वेशीला टांगणं होतं.

"मग मीच का, सर?" तिने पंधरवड्यापूर्वी धीर करून विचारलं होतं.

"अहो, तुमच्याकडे म्हातारे बाबा आहेत ना! ह्या लोकांना म्हातारी माणसं फार आवडतात. त्यांच्याकडे म्हाताऱ्यांना घरात ठेवत नाहीत म्हणे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि तुमची बदली टाळायचं माझ्या डोक्यात आहे. रविवार नीट पार पडू दे. मग बघतो मी."

बदली सरोवरापलीकडच्या नव्या शाखेत होणार होती. तिथे शिक्षिकांना सोमवार ते शनिवार वसतिगृहातच राहावं लागे, चौघींना मिळून एक खोली. बाबांना तिथे नेता येणार नाही हे उघड होतं. जवळपास खोली भाड्याने घेतली, तरी बाबांचं काय व्हायचं? ऐंशीच्या घरातले बाबा आजकाल मुलीचं नावही कधीकधी विसरत, पण गल्ली त्यांना पाठ होती. कापराच्या झाडापाशी डावीकडे, चपलावाल्याला हात, पिठाच्या दुकानापाशी जरा टेकायचं आणि परत. ह्या गल्लीबाहेर त्यांचं जग उरलेलं नव्हतं. ती गल्ली सुटली, तर बाबाही आपल्या हातून सुटणार, हे सूछिनला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती हो म्हणाली होती.

बाबा लिफ्टमधून वर आले ते तिची बाही धरूनच. लिफ्टला आतून अजून लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यांनी निळा बंद गळ्याचा कोट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. हुआइ नदीकाठच्या खेड्यात आणि नंतर ह्या शहरात मिळून चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. अजूनही उंबरा ओलांडताना ते पाठ सरळ करत.

"गुरुजी आले, गुरुजी आले!" दू सर दोन्ही हातांनी त्यांचा हात हलवत म्हणाले. "काय रुबाब आहे! आमच्या सगळ्यांपेक्षा तुम्हीच मुख्याध्यापक शोभता."

बाबांनी हात सोडवून घेतला आणि ते सरळ गॅलरीत गेले. सूछिन मागोमाग गेली. समोरची इमारत, शेजारची इमारत, सगळीकडे गॅलऱ्यांमधून कपडे वाळत होते. चादरी, शर्ट, लहान मुलांचे पायजमे. ते सकाळी शिक्षिकांनीच आपापल्या घरून आणून टांगले होते. रिकाम्या इमारतींचे फोटो निघाले तर बरं दिसणार नाही, ही कल्पना दू सरांचीच. आभाळ राखेच्या रंगाचं होतं आणि वारा मुळीच नव्हता, त्यामुळे एकही कपडा हलत नव्हता.

"कपडे आहेत," बाबा म्हणाले. "माणसं कुठे गेली?"

"कामाला गेली असतील."

"रविवारची?"

नको त्या वेळी बाबांचं डोकं असं लख्ख चाले.

"धूर नाही कुठल्या घरातून," ते पुढे म्हणाले.

"आता गॅस असतो ना बाबा. आपल्याकडे पण गॅसच आहे."

"कुत्रंसुद्धा भुंकत नाही." त्यांनी कठडा धरला आणि खाली वाकून पाहिलं. "अख्ख्या गावात एक कुत्रं नाही."

तिने त्यांना आत आणून सोफ्यावर, पांड्याशेजारी बसवलं आणि समोर ओणवी होऊन, पहिलीतल्या मुलाकडून धडा घोटून घ्यावा तशी म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा. कुणी काही विचारलं तर काय म्हणायचं?"

"छान आहे."

"शाब्बास. आणि?"

"जास्त बोलायचं नाही." बाबांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. "कोण येणार आहेत? तालुक्याचे साहेब?"

"साहेब नाहीत हो. शिक्षक आहेत, तुमच्या-माझ्यासारखे."

"नुसता शिक्षक कधी बघायला येत नाही," बाबा म्हणाले.

साडेअकराला पाहुणे आले. बूट काढताना त्यांची हसून हसून पुरेवाट झाली, कारण दारातल्या सपाता कुणाच्याच पायांत जाईनात. त्यांच्यात डोरीन नावाची एक पिकल्या केसांची, भरल्या अंगाची बाई होती. सदतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवते, असं दुभाषी म्हणून आलेल्या ल्यांगने सांगितलं. ल्यांग शाळेत इंग्रजी शिकवायची. वय लहान, नोकरी कच्ची, त्यामुळे प्रत्येक वाक्याआधी तिचे डोळे दू सरांकडे जात.

"घर फार सुंदर आहे म्हणतात," ल्यांगने सांगितलं. "किती वर्षं राहता, विचारतायत."

"पाच," सूछिन म्हणाली. उत्तर ठरलेलं होतं.

"शेजार कसा आहे?"

"खूप चांगला."

मग सगळे टेबलाभोवती ज्याओझी भरायला बसले. सूछिन पाऱ्या लाटत होती, पाहुणे त्यांत मांस आणि लसणाची पात भरून कडा दुमडत होते. एकाला कळ्या पाडता येईनात, त्याने नुसतंच गाठोडं केलं. दू सर म्हणाले, "वा! हा बटाटा कुणी आणला?" पुन्हा हशा. सूछिनला क्षणभर वाटलं, सगळं नीट होतंय. बाबा सोफ्यावर शांत बसले होते. कुणी बघितलं की ते मान हलवून "छान आहे" म्हणत आणि पाहुणे खूष होत. फक्त टेबलावर उकडलेल्या ज्याओझीची पहिली परात आली, तेव्हा त्यांचे डोळे तिच्यावर खिळले आणि पुन्हा हलले नाहीत.

सूछिनने त्यांना वाटीत काढून दिल्या. वाटी रिकामी झाली. तिने पुन्हा दिल्या. तीही झाली. बाबा कधी चावताना मात्र दिसले नाहीत. कोटाच्या खिशावर तेलाचा डाग फुटलेला तिला दिसला, पण घरी तरी वेगळं काय होतं? उशीच्या अभ्र्यात पाव, चपलेत पाव. म्हातारपणाचे चाळे म्हणून तिने ते केव्हाच सोडून दिलं होतं. तिला स्वतःला खायला फुरसत नव्हती. एकीकडे लाटायचं, एकीकडे पिंपातलं पाणी पातेल्यात आणायचं आणि पाहुण्यांना मोरी दिसू द्यायची नाही.

डोरीन खुर्ची ओढून बाबांसमोर येऊन बसली. तिने इथे येण्याआधी चार वाक्यं शिकून घेतली होती आणि त्यातलं एक वापरायची तिला कधीची हौस होती. रस्त्यात, बाजारात, जिन्यात माणसं एकमेकांना भेटली की जे म्हणतात, तेच. ती पुढे वाकून, एकेक शब्द जपून म्हणाली, "आजोबा, जेवलात का?"

बाबा उभे राहिले.

दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी वर करून ते उभे राहिले. सूछिनने त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"जेवलो, साहेब," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "तीन वेळा जेवतो. पेज नाही, कोरडा भात. पोटभर."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा वळले आणि त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. "वर्ग, उभा राहा! पहिल्या बाकापासून. साहेबांनी विचारलं आहे, जेवलात का? सगळ्यांनी एका सुरात."

शिक्षिका एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा दू सर उठले. प्रसंग हातचा जाऊ देतील तर ते दू सर कसले! हसत हसत त्यांनी हात वर केला, आणि ते मोठ्याने म्हणाले, "पोटभर जेवलो!" त्यांचं बघून बाकीच्या उठल्या. "पोटभर जेवलो!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. सूर छानच लागला, रोजची सवय होती.

"पुन्हा!" बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पोटभर जेवलो!"

"जुना बालगीताचा प्रकार आहे," ल्यांग पाहुण्यांना सांगत होती. पाहुणे फोन वर धरून चित्रण करत होते.

बाबांची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत सोफ्याच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. "शियाओमान उठली नाही," ते हळूच म्हणाले. ते पांड्याजवळ गेले, गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या खांद्याला हात लावून त्याला हलवू लागले. "शियाओमान, ऊठ गं. साहेब बघताहेत. एवढं एक वाक्य म्हण, मग झोप. ऊठ, माझी बाय. नुसते ओठ हलव, मी म्हणतो तुझ्या वतीने."

पाहुणे खदखदून हसले. दू सर तर डोळे पुसत हसत होते. पण डोरीनने फोन खाली ठेवला होता. तिने ल्यांगला काहीतरी विचारलं. ल्यांगने दू सरांकडे पाहिलं, आणि मग सांगितलं की, आजोबा नातीला जेवायला उठवण्याची गंमत करून दाखवताहेत.

डोरीनला ते पटलं नसावं. सदतीस वर्षं मुलांपुढे उभी राहिलेली बाई ती. तिने मान वळवून थेट सूछिनकडे पाहिलं. खरं का, एवढंच त्या नजरेत होतं.

सूछिनला गल्ली आठवली, कापराचं झाड आठवलं. ती हसली आणि तिने मान हलवली. हो, गंमतच आहे.

ते हसणं परतीच्या बसमध्येही तिच्या तोंडावर चिकटून राहिल्यासारखं झालं होतं. आपलीच तिला किळस वाटत होती. बाबा खिडकीपाशी बसून काचेवर बोटाने रेघा ओढत होते. दोघं गल्लीत शिरली तेव्हा चपलावाल्याने नेहमीप्रमाणे हात केला, आणि आज प्रथमच बाबांनी उलट हात केला नाही.

घरी आल्यावर तिने त्यांना पलंगावर बसवलं, पायांखाली गरम पाण्याचं घमेलं ठेवलं, आणि जमिनीवर बसून त्यांचे पाय धुता धुता विचारलं, "बाबा, शियाओमान कोण?"

तिला वाटलं, ते विसरले असतील. गावंच्या गावं उपाशी मेली, त्या दुष्काळाच्या सालाबद्दल ते कधीच बोलत नसत. आई असतानासुद्धा विषय निघाला की ते विडी घेऊन बाहेर जात. आज मात्र ते पायांकडे बघत सावकाश बोलू लागले.

"दुसरीत होती. मागच्या बाकावर. साठ सालचा हिवाळा. साहेब येणार म्हणून आठ दिवस वाक्य घोटून घेतलं मी. पोरं हुशार होती, चटकन शिकली. आदल्या दिवशी गावातल्या रिकाम्या घरांची दारं पुसून घेतली. चुलींत ओलं गवत पेटवलं, धूर दिसावा म्हणून."

"मग?"

"साहेबांनी विचारलं, जेवलात का? सगळी उठली. ती नाही उठली. साहेब म्हणाले, ही झोपाळू दिसते. मी म्हटलं, हो साहेब, फार झोपाळू. ते हसले आणि गेले. मग मी तिला हात लावून पाहिला." बाबांनी पाण्यात बोटं हलवली. "मीच म्हटलं, हो झोपाळू. तिच्याबद्दल दुसरं कुणी काही म्हटलंच नाही."

सूछिनला पंचा सापडेना. तो तिच्याच खांद्यावर होता. तिने त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि ते कोरडे झाल्यावरही ती पुसत राहिली. आपण दुपारी मान हलवली होती, ती कुणाबद्दल हलवली, हे तिला आता कळत होतं, आणि त्या पोरीचं तोंडही तिने पाहिलेलं नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. दू सरांचा निरोप होता. 'गुरुजींनी बाजी मारली! पांड्याचा प्रकार तर लाजवाब. जिल्ह्याच्या साहेबांना चित्रण दाखवलं, ते बेहद्द खूष. पुढच्या महिन्यात जर्मनीचे शिक्षक येताहेत. घर तेच, गुरुजी तेच. तो निळा कोट धुऊन ठेवा. बदलीचं विसरून जा.'

तिने तो दोनदा वाचला. इतके दिवस जीव मुठीत धरून वाट पाहिली होती, ती ह्याच ओळीची.

"गेले का साहेब?" बाबांनी विचारलं.

"गेले, बाबा."

"बाहेर कुणी उभं नाही ना? दार लाव."

तिने उठून कडी घातली. बाबांनी तिला जवळ बोलावलं, पलंगावर बसवलं, आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना आपण कोण दिसतोय, ह्याचा तिला अंदाज येईना. रोज संध्याकाळी ती शाळेतून आली की ते एकच प्रश्न विचारत आणि ती चपला काढता काढता, खरं असो नसो, "जेवले" म्हणून मोकळी होई. आज त्यांनी तोच प्रश्न दबक्या आवाजात विचारला.

"आता खरं सांग. जेवलीस का?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "सकाळपासून काही नाही खाल्लं."

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. मग ते घाईने कोटाचे खिसे चाचपू लागले. एकेक करून त्यांनी ज्याओझी बाहेर काढल्या. दबलेल्या, गार, काहींना कोटाचा निळा धागा चिकटलेला. धागे चिमटीने काढून त्यांनी त्या आपल्या रुमालावर ओळीने मांडल्या आणि पहिली तिच्या हातात दिली.

तिने ती तोंडात घातली. घास गिळल्यावर तिने फोन ओढून घेतला आणि लिहिलं, 'बाबा येणार नाहीत. मीही त्या घरात पुन्हा येणार नाही.' बदलीचा कागद आठवड्याभरात हातात पडेल, हे तिला कळत होतं. सरोवरापलीकडे कुठेतरी खोली शोधावी लागेल. तिथली गल्ली बाबांना कधीच पाठ होणार नाही, आणि एक दिवस ते तिच्यातच हरवतील. मग तिने निरोप पाठवला आणि फोन पालथा घातला.

तिने दुसरी उचलली, तसा बाबांनी तिचा हात धरला.

"सावकाश," ते म्हणाले. "फार दिवसांच्या उपाशी पोटी भराभर खायचं नसतं. बारीक चाव. मी बसलोय इथे."

ती बारीक चावू लागली. तिच्या गळ्याखालून घास उतरेपर्यंत बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मग पुढची पुढे सरकवायचे. शेवटची एक त्यांनी दिली नाही. ती त्यांनी रुमालात गुंडाळली आणि उशीखाली ठेवली.

"ही राहू दे," ते म्हणाले. "ती उठली तर?"